रंजनाताईंची रापी

रंजनाताई सातपुते कातडं विकत घ्यायच्या आधी त्याला नख मारायच्या, तेही दुकानदाराच्या डोळ्यांदेखत. अंगठ्याचं नख तिरकं धरून कडेला एक बारीक रेघ ओढायची आणि ती टिकते की पुसते ते बघत शांत उभं राहायचं. रेघ राहिली तर ते झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं, नक्षी धरणारं. पुसली गेली तर रसायनातलं; पिशवीला ठीक, नक्षीला निरुपयोगी. मग वाकून वास घ्यायचा. मग ओल्या बोटानं पाण्याचा एक थेंब सोडायचा. थेंब आत मुरला तर त्यांची मान हलायची. मण्यासारखा वरच बसून राहिला तर त्या पुढच्या गठ्ठ्याकडे वळायच्या.

ते दुकान सिंगापुरातल्या जुन्या कारखान्यांच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर होतं. मालाच्या लिफ्टनं वर जायचं. दुकानाचा तरुण चिनी मालक पहिल्यांदा, इथल्या ‘लाह’ लावून बोलायच्या इंग्रजीत, कळवळला होता.

“आंटी, डोन्ट लाइक दॅट लाह! ओरखडा बघून दुसरं कोण घेणार?”

“दुसरं कशाला? ओरखड्यासकट मीच घेणार,” ताई त्याला इंग्रजीत म्हणाल्या आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, “लेबलावर ‘जेन्युइन लेदर’ लिहिलंय म्हणून घेतलं असतं, तर माझ्या बापानं मला घरात घेतलं नसतं.”

त्यांचे वडील काय करायचे हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मी विचारलं नव्हतं. आपल्याकडे काही गोष्टी विचारायच्या नसतात असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं. त्या मात्र कुणीही काहीही विचारावं म्हणून वाट बघत बसलेल्या असायच्या.

आमची कंपनी इथल्याच आंग मो किओ भागात होती. बिघडून परत आलेले इलेक्ट्रॉनिक भाग उघडायचे आणि ते का बिघडले ते शोधायचं, हे आमच्या लॅबचं काम. रंजनाताई तिथल्या सगळ्यांत जुन्या इंजिनिअर. मी उमरग्याचा. वडील जिनिंग मिलवर रखवालदार, आणि कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. एम्प्लॉयमेंट पास घेऊन इथे उतरलो तेव्हा माझ्याकडे दोन नवे शर्ट होते आणि दिसेल त्याला ‘सर’ म्हणायची सवय होती.

“इथं सर कुणी नाही,” पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं. “आणि मला मॅडम म्हणालास तर मी ओ देणार नाही.”

त्यांनी खरंच दिली नाही. एक अख्खा दिवस मी मॅडम मॅडम करत त्यांच्या मागे फिरलो आणि त्या मायक्रोस्कोपमधून डोळा न काढता बसून राहिल्या. संध्याकाळी मी ‘ताई’ म्हणालो तेव्हा लगेच म्हणाल्या, “हां, बोल. सकाळपासून काय काम होतं?”

माझा पहिला रिपोर्ट त्यांनी तीनदा परत केला. “कुठं तुटलं ते कुणीही सांगेल, संतोष. तुटायला सुरुवात कुठून झाली ते लिही.” मी हिरमुसलो, पण आज मी जो काही इंजिनिअर आहे तो त्या तीन परत आलेल्या कागदांमुळे. चौथ्यांदा त्यांनी रिपोर्टवर फक्त माझं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आणि तो वर पाठवला.

त्यांच्या बोलण्याची धार मला पॅन्ट्रीत कळली. पुण्याहून एक मॅनेजर नव्यानं आले होते. चहा घेता घेता त्यांनी गोड आवाजात विचारलं, “सातपुते म्हणजे... तुम्ही नक्की कुठल्या?”

“विट्याची.”

“नाही, म्हणजे... तसं नाही. मूळचे कोण?”

“असं होय! मग तसं विचारा की. चांभाराची. लग्न झालं तरी आडनाव बदललं नाही, कुणी विचारलं की सांगता यावं म्हणून. तुम्ही नक्की कुठले?”

त्या माणसानं चहा अर्धा टाकून दिला. ताईंनी स्वतःचा संपवला, कप धुतला आणि जागेवर ठेवला. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. बसची वेळ सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं होतं.

त्या बेडोकला राहायच्या. मुलगी मिताली कॉलेजात होती, मिस्टर वारले होते. सिंगापुरातल्या सरकारी फ्लॅटमध्ये जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची एक खोली असते, संकटकाळी आसरा घ्यायला. लोक तिच्यात बॅगा आणि तांदूळ ठेवतात. ताईंनी तिथे आपलं कामाचं टेबल मांडलं होतं, कारण मोगरीचा, म्हणजे ठोकायच्या लाकडी हातोडीचा, आवाज त्या भिंतींतून शेजारी जात नाही. खिडकी नसलेल्या त्या खोलीत एक छोटा पंखा आणि ओलावा शोषणारं मशीन चालू असे. इथल्या हवेत नुसतं गुंडाळून ठेवलेलं कातडं आठवड्यात बुरशी धरतं.

त्या खोलीत त्या पट्टे, पाकिटं, खांद्याच्या पिशव्या करायच्या, सगळं पाश्चात्य धर्तीचं. घोड्याच्या खोगिरावर असते तशी फुलापानांची उठावाची नक्षी, घोटून काचेसारख्या केलेल्या कडा आणि भरभक्कम हातशिलाई. हे ताई शनिवारच्या एका क्लासमध्ये शिकल्या होत्या. शिकवणारे मिस्टर कोह साठी ओलांडलेले, बारीक अंगाचे गृहस्थ होते. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना हत्यारांची यादी दिली. यादीत चौतीस हत्यारं होती. बाकीच्या मुलामुलींनी चौतीसच्या चौतीस हत्यारांचा चकचकीत संच घेतला. ताईंनी सुया, दोरा, भोकं पाडायची एक आरी आणि एक लाकडी मोगरी एवढंच घेतलं.

“आणि नाइफ?” कोहनी विचारलं.

“आहे,” असं म्हणून ताईंनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली रापी काढली.

रापी म्हणजे चांभाराची सुरी. रुंद, पातळ पातं, आखूड मूठ, पुढून धार. ही घासून घासून मूळच्या निम्मी उरली होती. मुठीला हाताच्या घामानं काळा तुकतुकीत रंग आला होता. कोहनी ती हातात घेतली आणि मान हलवली. “मॅडम, धिस वन कॅनॉट लाह. हे वेस्टर्न काम आहे. त्याला अर्धगोल पात्याची सुरी लागते.”

ताईंनी वाद घातला नाही. पट्ट्याचं टोक दुमडायचं असेल तर आतून ते तासून पातळ करावं लागतं. त्यांनी एक टोक काचेवर ठेवलं आणि रापी सपाट धरून एकदाच पुढे ढकलली. कातड्याचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघाला. तो उचलून त्यांनी कोहसमोर दिव्याला धरला, तर पलीकडून दिवा दिसत होता. कोहनी तो पापुद्रा बोटांत धरून बघितला. मग त्यांनी स्वतःच्या तीन अर्धगोल सुऱ्या आणून ताईंपुढे ठेवल्या आणि हळूच विचारलं, “यांना अशी धार लावून द्याल?”

पुढच्या शनिवारी ताईंनी त्या आणून दिल्या. आधी दगडावर घासायच्या आणि शेवटी कॉफीच्या जाड कपाच्या बुडाला जो खरखरीत काठ असतो त्यावर धार चढवायची. त्यासाठी त्यांनी खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमधल्या कॉफीवाल्या अंकलकडून टवका उडालेले दोन कप मागून आणले होते. कोहनी त्यानंतर यादीतला सुरीपुढचा शब्द खोडला आणि लिहिलं, ‘एनी गुड नाइफ’.

हत्यारांबद्दलचा त्यांचा एक नियम होता आणि तो मी आजही पाळतो. “आधी दुसऱ्याकडून उसनं घे. तिसऱ्यांदा मागायची लाज वाटायला लागली की समज, तुला ते खरंच लागतंय. मग विकत घे, पण चांगलं घे.” अशा रीतीनं पाच-सहा वर्षांत त्यांच्याकडे अकरा हत्यारं झाली. नक्षी कापायची फिरत्या मानेची छोटी सुरी, कडा गोल करायचं हत्यार, भोकं समान अंतरावर आखायचा दातेरी पंच, नक्षीचे चार ठसे वगैरे. प्रत्येकाबद्दल त्या सांगू शकायच्या की ते कशासाठी घेतलं आणि त्याआधी कुणाकडे मागितलं. आरीबाबत मात्र त्या हट्टी होत्या. गोल टोकाची आरी त्यांनी मला फेकायला लावली. “गोल भोक तसंच वासून राहतं. चौकटच्या पत्त्यासारखं तिरकं भोक पाड, दोरा ओढला की ते मिटतं.”

मशीनच्या शिवणीवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि नुसतं तोंडानं सांगण्यावरही नव्हता. एकदा त्यांनी लॅबमध्ये दोन पट्ट्या आणल्या. एक दुकानातली, मशीननं शिवलेली. दुसरी त्यांची, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया घालून, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा नेऊन शिवलेली. दोन्हींचा मधला एकेक टाका त्यांनी ब्लेडनं कापला आणि पट्ट्या आमच्या ओढ मोजायच्या मशीनवर चढवल्या. जेवणाच्या सुट्टीत, बॉसला विचारून. बॉस डबा घेऊन बघायला आला. मशीनची शिवण त्या कापलेल्या टाक्यापासून दोन्हीकडे उसवत गेली. ताईंची शिवण हललीसुद्धा नाही. शेवटी शिवणीशेजारचं कातडं फाटलं.

“बघितलंस?” त्या म्हणाल्या. “एक टाका गेला तर बाकीच्यांनी का जायचं?”

मला त्यांनी पट्टा करायला शिकवलं. मी तो वडिलांसाठी करत होतो. नक्षी मारायला कातडं ओलं करावं लागतं आणि वाळताना ते सपाट राहावं म्हणून वर वजन ठेवावं लागतं. मी घरी नेऊन त्यावर वजन म्हणून उमरग्याहून आणलेला भाकरीचा लोखंडी तवा ठेवला. सकाळी तवा उचलला तर पट्ट्यावर तीन ठिकाणी शाईसारखे काळेनिळे डाग. सालीत कमावलेल्या ओल्या कातड्याला लोखंड लागलं की ते काळं पडतं, हे मला कुठून माहीत असणार? मी डाग घासले, लिंबू लावलं, रडकुंडीला आलो आणि पट्टा पिशवीत लपवून बेडोकला गेलो.

ताई पोट धरून हसल्या. “मिताली, ये बघायला! या इंजिनिअरनं पट्ट्यावर भाकरी भाजली!”

मिताली दारातून डोकावली. “अंकल, सो पुअर थिंग!”

“फेकून देऊ का?” मी विचारलं.

“का? काळं झालं ही चूक नाही. अर्धवट काळं झालं ही चूक.” त्यांनी शेल्फवरून एक बरणी काढली. तिच्यात व्हिनेगरमध्ये भांडी घासायच्या तारेचा चोथा विरघळवून ठेवला होता. ते पाणी त्यांनी माझ्याकडून पट्टाभर फिरवून घेतलं. बघता बघता अख्खा पट्टा काळाकुळकुळीत झाला, आणि नक्षी त्यात जास्तच खुलली. वडील तो पट्टा अजून वापरतात.

रापीची गोष्ट त्यांनी मला असंच काम करता करता सांगितली. विट्याला एसटी स्टँडच्या दारात त्यांचे वडील बसायचे. घरी चपला व्हायच्या. वेण्या घालणं, गोंडे लावणं, शिवणं ही बायकांची कामं, कापणं पुरुषांचं. बाईनं रापी धरायची नाही अशी रीतच होती. लहानपणी ताईंनी एकदा ती उचलली तर वडिलांनी हातातून काढून घेतली आणि पेन दिलं. “मला वाटलं, बाई म्हणून. नंतर कळलं, ते माझ्या भावांनाही देत नव्हते. कुणालाच द्यायची नव्हती त्यांना.”

मुलं शिकली. एक भाऊ शिक्षक झाला, एक सरकारी कचेरीत लागला. वडील गेले तेव्हा हत्यारांची पेटी अंगणात काढून ठेवलेली ताईंनी बघितली. भंगारवाला यायचा होता. नव्या कॉलनीत ती पेटी कुणाच्या नजरेला पडू नये, एवढंच भावांना वाटत होतं.

“मी भांडले नाही,” ताई म्हणाल्या. “पेटी उचलली आणि सुटकेसमध्ये घातली. साड्या तिथंच ठेवल्या. रापी कशी चालते ते बापाच्या हाताकडे बघून डोळ्यांत होतंच; हातात यायला वर्षं गेली.”

इथवर मी जे सांगितलं त्यात ताईंचं काही पणाला लागलेलं नव्हतं. ते लागलं इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत.

मंडळाचं मला मोठं ऋण आहे. मी आलो तेव्हा मंडळातल्याच एकानं मला पंधरा दिवस घरी ठेवून घेतलं, खोली शोधून दिली, गादी दिली. म्हणून मी मंडळात खुर्च्या लावण्यापासून पावत्या फाडण्यापर्यंत सगळं करायचो. उत्सवात एक दिवस जुरोंग ईस्टच्या हॉलमध्ये हस्तकलेचा मेळा असायचा. कुणी क्रोशाचं आणायचं, कुणी वारली चित्रं, कुणी मातीचे दिवे. ताई त्या वर्षअखेर नोकरी सोडून कायमच्या परत जाणार होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मंडळाकडे काहीतरी मागितलं: एक टेबल. त्यावर पट्टे आणि पिशव्या, वडिलांचा फोटो आणि त्यांची हत्यारं ठेवायची आणि दिवसभर सगळ्यांसमोर काम करायचं. “इथून जायच्या आधी एकदा,” त्या म्हणाल्या, “बापाचं नाव चारचौघांत लावायचंय.”

मंडळाच्या सेक्रेटरींनी, प्रसादरावांनी, मला बाजूला घेतलं. “संतोष, तुझ्या ओळखीच्या आहेत ना त्या? जरा सांभाळून सांग. टेबल द्यायला आमची ना नाही. फक्त आत मूर्ती असते, वयस्कर माणसं असतात, आणि हे कातड्याचं काम. तर बाहेर लिफ्टपाशी छान जागा देतो. आणि पाटीवर ‘वेस्टर्न लेदर आर्ट’ एवढंच ठेवू. ते वडील, फोटो, ती जुनी रापी... कशाला उगाच विषय? आपण सिंगापुरात आहोत.”

हा निरोप घेऊन मी बेडोकला गेलो. ताई पिशवीची कड घोटत होत्या. मी सगळं सांगून होईपर्यंत त्यांचा हात थांबला नाही.

“सिंगापुरात आहोत ना? मग लिफ्टपाशी कोण बसतंय?” त्या म्हणाल्या. मग वर बघून विचारलं, “तू काय म्हणालास?”

“मी म्हणालो, विचारून सांगतो.”

“म्हणजे तू काहीच म्हणाला नाहीस.”

“ताई, त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.”

“उपकार फेडायचे तर खुर्च्या उचल, सतरंज्या उचल. तोंड कशाला गहाण टाकतोस?”

मिताली आतून ऐकत होती. ती म्हणाली, “आई, व्हाय यू बॉदर? जस्ट डोन्ट गो लाह.”

“मी जाऊ नये हेच तर त्यांना हवंय,” ताई म्हणाल्या आणि पुन्हा कड घोटायला लागल्या.

मेळ्याच्या दिवशी मी हॉलवर पोचलो तर दारात ताई उभ्या. लिफ्टपाशी ठेवलेल्या टेबलाचं एक टोक त्यांनी धरलेलं होतं. मला बघून म्हणाल्या, “दुसरं टोक धरतोस की विचारून सांगतोस?”

मी धरलं. आम्ही टेबल आत नेलं आणि क्रोशाच्या टेबलाशेजारी, मूर्तीच्या समोरच्या रांगेत लावलं. ताईंनी पांढरी चादर घातली. पट्टे, पिशव्या, वडिलांचा फोटो, आरी, मोगरी, रापी मांडली. पुढे एक लाकडी पाटी उभी केली. पाटीवर कातडं मढवलेलं होतं आणि त्यावर फुलापानांच्या नक्षीच्या चौकटीत देवनागरी अक्षरं उठवलेली होती.

प्रसादराव धावत आले. रेशमी कुर्ता, पायांत नव्या कोऱ्या कोल्हापुरी. “ताई, आपलं ठरलं होतं.”

“आपलं नाही, तुमचं.”

“अहो, आत मूर्ती आहे. लोक काय म्हणतील?”

“हे ढोल बघा.” भिंतीशी पथकाचे बारा ढोल रांगेनं ठेवलेले होते. “ते कमरेला ज्या पट्ट्यांनी बांधता ना, ते बाराही पट्टे मी शिवलेत. तीन वर्षं ते मूर्तीपुढे नाचतायत. तेव्हा कुणी विचारलं नाही कुणी शिवले. ते पट्टे आत राहणार असतील तर मीही आत. नाहीतर पट्टेही लिफ्टपाशी ठेवा.”

प्रसादराव ढोलांकडे बघत राहिले. हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. मिरवणुकीला दोन तास होते. ते निघून गेले, आणि टेबल तिथंच राहिलं.

अकरापर्यंत हॉल भरला. लोक ताईंच्या टेबलापाशी यायचे, पाटी वाचायचे, पिशवीला हात लावून पुढे सरकायचे. पाटीतला तो एक शब्द वाचून कुणाची नजर वर यायची, कुणाची खाली जायची. ताई मान खाली घालून शिवत होत्या, पण त्यांना सगळं दिसत होतं. थोड्या वेळानं प्रसादराव चार मित्रांना घेऊन फिरत फिरत आले. सकाळची माघार त्यांना टोचत असणार. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, “काय ताई, आत आलातच आहात, तर आमची चप्पल पण शिवून मिळेल का?”

मित्र हसले. क्रोशाच्या टेबलावरच्या बाई पण हसल्या, मग त्यांनी क्रोशात मान घातली.

ताईंनी हातातलं काम खाली ठेवलं. “मिळेल की. काढा.”

“अहो, गंमत केली.”

“मी नाही केली. काढा. उजवी.” त्यांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

तो हात परत जाणार नाही हे प्रसादरावांच्या लक्षात आलं. त्यांनी चप्पल काढली. ताईंनी ती उलटसुलट केली, वाकवून बघितली, आणि पट्ट्याच्या बाजूला जो कान असतो तिथली शिवण सगळ्यांना दाखवली. “मशीनची आहे. मिरवणुकीत नाचलात की उसवणार.” आणि कुणाला काही कळायच्या आत रापी उचलून ती शिवण एका ओढीत कापून टाकली.

“अहो!”

“थांबा हो. शिवायचं म्हणालात ना?”

मग त्यांनी दोऱ्याला मेण लावलं, दोन्ही टोकांना सुया ओवल्या आणि सावकाश शिवायला घेतलं. आरी, एक सुई इकडून, एक तिकडून, ओढ. प्रत्येक टाका घालताना त्या मोठ्यानं समजावून सांगत होत्या: भोक तिरकं का, दोरा किती ओढायचा, आधी कोणती सुई. लोक जमायला लागले. आजी आल्या, पथकातली पोरं आली. प्रसादराव आधी एका पायावर उभे राहिले, मग तोल जायला लागला तसा त्यांनी उघडा पाय गार फरशीवर टेकला. स्टेजवरून माइकवर घोषणा झाली, “सेक्रेटरी प्रसादरावांनी कृपया व्यासपीठावर यावं.”

“जाऊन येतो. नंतर नेतो ना,” ते म्हणाले.

“एका चपलेनं?” ताईंनी वर न बघता विचारलं. “झालंच. कच्चं काम घेऊन जाऊ नका.”

माइकवर दुसऱ्यांदा नाव पुकारलं. मग तिसऱ्यांदा. ताईंनी शेवटचे दोन टाके उलटे घेतले, दोरा कापला, मोगरीनं शिवण ठोकून बसवली आणि चप्पल पुढे धरली, पण हातातून सोडली नाही.

“किती द्यायचे?” प्रसादरावांनी विचारलं.

“काही नको. पाटी वाचा.”

त्यांनी नजर फिरवली. “वाचली.”

“मोठ्यानं. मागच्या आजींना ऐकू गेलं पाहिजे.”

प्रसादरावांनी घसा साफ केला. “कैलासवासी दगडू रामा सातपुते...” आणि ते थांबले. पुढचा शब्द त्यांनी गिळला आणि त्यापुढून सुरुवात केली, “एसटी स्टँड, विटा...”

“मधला राहिला,” ताई शांतपणे म्हणाल्या. “पहिल्यापासून घ्या.”

त्यांनी पहिल्यापासून घेतलं. “कैलासवासी दगडू रामा सातपुते, चांभार, एसटी स्टँड, विटा. यांची मुलगी आणि शिष्या रंजना हिचं काम.”

“आता बरोबर,” ताई म्हणाल्या आणि चप्पल सोडली. “पुढचं कोण?”

कुणी हसलं नाही. प्रसादराव चप्पल घालून स्टेजकडे गेले. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, ताईंनी तिची वाटही बघितली नाही. एका आजींनी मात्र पर्सचा तुटका बंद पुढे केला आणि खुर्ची ओढून गप्पा मारत बसल्या.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत मंडळानं नियम केला की मेळ्यात धारदार हत्यारं आणू नयेत. नियम वाचून दाखवला तेव्हा मी उभा राहिलो आणि माझा विरोध लिहून घ्या म्हणालो. विरोध करणारा मी एकटाच निघालो. ताईंना हे सांगायचं राहिलं. मेळ्यानंतर लगेच कंपनीनं मला मलेशियात पेनांगला पाठवलं होतं. बैठकीसाठी एका दिवसापुरता आलो, त्या दिवशी त्या सामान पाठवायच्या गडबडीत होत्या, भेट झाली नाही. काम संपवून मी परत येईपर्यंत त्या विट्याला पोचल्या होत्या. आता स्टँडसमोर त्यांनी गाळा घेतलाय आणि मुलींना कापायला शिकवतात, असं मिताली सांगते.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते मेळ्याच्या संध्याकाळी, जुरोंग ईस्टच्या एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनवर. मला आंग मो किओच्या गाडीनं जायचं होतं, त्यांना बेडोकच्या. पिशवी मी घेतो म्हणालो तर त्यांनी दिली नाही. त्या पलीकडच्या फलाटावर गेल्या, गाडी आली, आणि काचेतून मला त्या दिसल्या. त्यांना दाराजवळ जागा मिळाली होती. पाटी त्यांनी मांडीवर उभी धरली होती, अक्षरं बाहेरच्या बाजूला. समोर एक चिनी आजोबा, दोन शाळकरी मुली आणि फोनमध्ये बघणारा एक मलाय तरुण होता. त्या डब्यात ती अक्षरं वाचू शकेल असं बहुधा कुणीच नव्हतं. तरी पाटी जरा कलली तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी सरळ केली, आणि गाडी सुटली.